भोग्य

खानापूरला सब-रजिस्ट्रार ऑफिससमोर
चिंचेखाली माझं टेबल. पाय तीन, चौथ्याच्या जागी विटा.
एकतीस वर्षं मी दस्त लिहितो,
पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक,
आणि उतारा कानडीत, मालकाला येते मराठी,
म्हणून वाचूनही दाखवतो. वाचायचे वीस रुपये.

मंगळवारी वैजयंता बिर्जे आली.
बेळगावात सिव्हिलला नर्स. रात्रपाळी करून थेट,
डोळ्यांत रात्र अजून उतरलेली नाही.
पिशवीतून कागद काढला, घड्यांवर फाटलेला,
अडुसष्ट सालचा, गोल गोल अक्षरांचा.
"काका, आज्जानं रान विकलं होतं काय हो?"

मी एका शब्दावर बोट ठेवलं. भोग्य.
कानडीत भोग्य म्हणजे ताबेगहाण :
पैसे देणाऱ्यानं रान कसायचं, पीक खायचं,
पिकालाच व्याज समजायचं,
मुद्दल परत आली की रान परत.
आपल्यात भोग्य म्हणजे
ते तिला सांगावं लागलं नाही.
तिची आज्जी स्वतःच्याच रानात
रोजानं रोप लावून गेली.

"विकलं नाही बाई. एकदा गहाण ते कायम गहाण.
कागद कितीही जुना होऊ दे,
पिकून त्याचं खरेदीखत होत नाही."
"मुद्दल किती?"
"नऊशे."
ती हसली. मग पदरानं तोंड पुसलं,
तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवारी ईराप्पा मुगळी. वाईट माणूस नव्हे.
"रान तिचं तर तिचं. खरं, विहीर?
माझ्या बापानं पहारीनं फोडलीय ती.
भोग्यात पाणी लिहिलंय काय?"
नव्हतं लिहिलं.
चतुःसीमेला चार बाजू असतात,
खालची बाजू कुणी लिहीत नाही.
शिवाय त्याचं स्वतःचं शेत या रानाच्या पलीकडं.
गाडीला दुसरी वाट नाही.

वहिवाट शाबीत होईल की नाही, ते वकील सांगतील,
तारखा पडतील, पोरं म्हातारी होतील.
मी एवढंच विचारलं : लिहू काय?

बराच वेळ कुणी बोललं नाही.
चिंचेचा पाला शाईच्या पॅडवर पडत राहिला.
मग ती म्हणाली, "वाट लिहा. बैलगाडी जाईल एवढी.
ट्रॅक्टरचं नंतर बघू."
"आणि पाणी?"
"तिसऱ्या दिवशी त्यांचं."
ईराप्पानं नऊशे मोजले. पुन्हा मोजले.
दोन्ही वेळा नऊशेच भरले.

शनिवारी मोजणीला गेलो. उत्तरेस जांभळीचं झाड,
कागद म्हणतो. झाड नाही, बुंधा नाही,
नुसता ऊस, हद्दीवरून सरळ चाललेला.
सर्व्हेअर साखळी गोळा करायला लागला.
ईराप्पा आत घुसला, पायानं चाचपलं,
"इथं," म्हणाला. "ल्हानपणी मी पडलो होतो ह्यावरनं."
त्याच्याच उसात तीन पावलं आत.
कुणी विचारलं नव्हतं त्याला.

संध्याकाळी घरी आलो.
माझं घर? गुंठ्यावरचं. एन.ए. झालेलं नाही,
दहा वर्षं फाइल कुठल्या टेबलाखाली आहे
ते मलाही, दस्तलेखकाला, सापडत नाही.
उताऱ्यावर अजून लिहिलंय, पीक : भात.
म्हणजे सरकारदरबारी माझी चूल म्हणजे भात,
मोरी भात, लेकीची अभ्यासाची खोली भात,
सोसायटीचा बोजाही त्या भातावरच.

रात्री दिवा मालवून पडतो.
आधी कोण कसत होतं ही जागा,
ते मी कधी शोधलं नाही.
वाचायचे वीस रुपये मी स्वतःला कधी दिले नाहीत.
खाटेखाली गुडघाभर पाणी,
आणि कुणाच्या तरी आज्जीची पाठ
वाकलेली, रोप लावत.