तपासणी

सगुणा झारेकरीण दुपारी आली,
पाय अजून गोदेच्या गाळाचे.
लुगड्याच्या गाठीतून एक नाणं सोडून
माझ्या निवडायच्या तांदळाशेजारी ठेवलं.
"बाई, तू नोटांच्या कारखान्यात व्हतीस.
पैशावरचा माणूस वळखशील."

एकोणतीस वर्षं नाशिकरोडला
मी शीटं तपासली. शाई सरकली का,
आकडा लंगडा पडला का, एवढंच.
माणसाकडे बघायचं नसतं तिथं.
दिवसातून इतक्या हजार वेळा समोर आला की
चेहराही डागासारखाच दिसतो.
तरी भिंग काढलं.

एक गडी, उघडा, चालत निघालेला.
खांद्यावर म्हातारा.
"श्रावणबाळ," सगुणा म्हणाली,
"आन् आई कुटं गेली? कावडीचं दुसरं पारडं?"

आई नाण्याच्या दुसऱ्या बाजूला होती.

अंजनेरीला काचेआड पाहिलं होतं मी हेच:
जळत्या शहरातून बापाला काढणारा तो,
पालथ्या अंगाला त्याची आई, व्हीनस, देवी,
आणि कडेला उभी सहा अक्षरं: सीझर.
म्हणजे, मी यांच्या वंशातला.
लढाईवर निघालेल्या फौजेच्या पगारात
त्याने आपली पणजी वाटली.

सगुणा तोंडाला पदर लावून हसली.
"आमच्यातबी येत्यात की. रथात हुबं,
हातात पुठ्ठ्याचं धनुष्य.
पाचशाची नोट देत्यात. पणजी न्हाई देत."

मी देवी भिंगाखाली घेतली.
नाक नव्हतं.
चेहऱ्यावर सगळ्यात उंच तेच, म्हणून
आधी तेच झिजतं, असं तिथल्या माणसाने सांगितलेलं.
लक्ष्मणाने पंचवटीत एका घावात उरकलं म्हणतात,
त्याला अंगठ्यांना शे-दीडशे वर्षं लागतात:
मीठवाल्याचा, नावाड्याचा, उसने परत न करणाऱ्याचा.
राजांना कुठली तेवढी सवड.
इथे जोगळटेंभीला एकाच्या तोंडावर
दुसऱ्याने सरळ डोंगर ठोकला;
डोंगराखालून जुना कान अजून ऐकतो.

बोलता बोलता बोट कडेवरून फिरलं.
शिवण लागली.
केसाएवढी, सबंध गोल फिरलेली.
हे ठोकलेलं नव्हतं, साच्यातून निघालं होतं.
आणि नाकाच्या जागी तिरप्या रेघा,
सगळ्या एकाच दिशेच्या. कानस.
कुणीतरी मांडी घालून बसून
कोऱ्या देवीचं नाक घासलं होतं,
जुनी वाटावी म्हणून.

"खोटं आहे गं."

तिने ते उन्हात धरलं. बराच वेळ.
"समदंच? म्हातारा बी?"

या रकान्यात काय लिहायचं
ते आम्हाला कधी शिकवलं नव्हतं.
मी तांदळातला खडा शोधू लागले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "परत टाकते कुंडात.
सुट्टीत पोरं बुड्या मारत्यात,
कुणाला तरी घावंल."
आणि दहाची एक नोट ठेवली, तपासणीची.
नको म्हटलं तर रागावली.

नोट ओलसर होती.
तिची पावलं जिन्यावर वाळत गेली तोवर
मी ती खिडकीशी धरून उभी. सवय.
कोऱ्या जागेत हळूहळू चेहरा आला.

नाक शाबूत.