पाचवं नाणं

रबाळे नाक्यावरून आत वळलं की टायरवाल्याच्या शेजारी
'मनोरंजन केंद्र' अशी पाटी. काच काळी.
आत सहा पेट्या, एक पंखा, एक मी.
संख्याशास्त्रात बी.एस्सी., द्वितीय श्रेणी.
दुपारी बारा ते रात्री नऊ नाणी मोजते.

नियम माझ्यामागे भिंतीवर चिकटवलेत,
कोपरे सुटलेत, कोणी वाचत नाही.
जॅकपॉट हवा तर प्रत्येक ओळीवर पाच नाणी.
चार लावलीत तर चारांच्या हिशोबानं मिळेल.
पाचव्या नाण्याची किंमत पाच रुपये नसते,
हे त्या कागदावर नाही.

हसुराम मढवी तिसऱ्या पेटीवर बसतात.
घणसोलीत त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता
अठरा मजले, आणि तळाला जिम.
जमीन गेली, साडेबारा टक्के परत आली,
तीही वीस वर्षांनी, तीही भावाभावांत वाटून.
एकदा त्यांना समजावायला गेले, काका,
ही पेटी शंभरातले नव्वद परत देते, दहा खाते,
रोज खाते, आवाज न करता.
ते बराच वेळ हसत राहिले.
'मंग ही त सिडकोपरीस बरी ना ग बाय.'
यावर काय बोलायचं ते आम्हाला कॉलेजात नव्हतं.

तीन ओळींचा खेळ असा असतो:
पाच पानं तळाशी वाटली जातात.
त्यांतली धराल ती वरच्या दोन्ही ओळींत उमटतात,
खाली कार्बन घातल्यासारखी.
बाकीची पानं मात्र प्रत्येक ओळ
आपापल्या गड्डीतून ओढते.
लोकांना वाटतं, तिप्पट नशीब.
तिप्पट पैसे जातात, एवढं खरं.
एका आईची तीन पोरं,
नाक सारखं, पुढचं ज्याचं त्याचं.

मार्चअखेरचा मंगळवार. वीज दोनदा जाऊन आली होती.
काकांकडे उरली पंधरा नाणी,
म्हणजे एक डाव, पाच-पाच-पाच.
मी सकाळपासून खोकत होते.
ते उठले, काउंटरवर तीन नाणी ठेवली.
'याची चाय मागव. आल्याची. आनि खारी.'
पंधरा रुपये.
मग बारा नाणी. चार-चार-चार.

बदामचा एक्का, बदामचा राजा,
राणी, गुलाम,
आणि कुठूनशी किलवरची तिर्री.

त्यांनी चार धरली.
हवी बदामची दश्शी, सत्तेचाळिसांत एक;
तिन्ही ओळी मिळून सोळांत एक म्हणा.
एरवी पाच पानं
पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ तऱ्हांनी येतात
आणि त्यांत अशा फक्त चार.
कप माझ्या ओठाशी होता. प्यायचं राहून गेलं.

तळाला चौकटची सत्ती.
मध्ये
दश्शी.
वर इस्पिकचा गुलाम, कोणी पाहिलासुद्धा नाही.

पेटी वाजली, बेताचीच.
हजार नाणी.
छताजवळचा लाल आकडा, दिवाळीपासून कोणी न शिवलेला,
जागेवरून हलला नाही;
नाही, हलला, आमच्या बारा नाण्यांतलं काहीतरी घेऊन
एका घरानं वर सरकला.

टायरवाला धावत आला, डिलिव्हरीची दोन पोरं हेल्मेटसकट आली.
अरे एकेकच कमी! ओळीमागं एकेकच!
नियम दाखवणं माझं काम आहे.
बोट भिंतीपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं,
त्याला खारीचा चुरा लागलेला.

काका माझ्याकडे वळले.
मला वाटलं, आता बोलतील.
'चायमंदी आला होता का आला?'
मी म्हटलं, नव्हतं.
'म्हंजे फसवला आपल्याला,' ते म्हणाले,
आणि हजार नाणी पेटीत तशीच सोडून
टपरीवाल्याशी भांडायला
बाहेर उन्हात गेले.