चाती

नाव लिहायचं नसतं.
कागदावर फक्त शून्य-एक-सात.
पण ते अमळनेरहून भुसावळ पॅसेंजरने यायचे
आणि जिन्याखालूनच ओरडायचे,
"ताई, आधार हिलाल उना!"
मला नाव माहीत आहे ते असं.

संमतिपत्र सोळा पानी.
नीतिसमितीच्या शनिवारच्या बैठकीत
निवृत्त शिक्षिका कोल्हेबाईंनी चष्मा काढून विचारलेलं :
'यादृच्छिक' म्हणजे यावल-रावेरात काय समजायचं?
तिथे आम्ही लिहिलं, चिठ्ठी टाकून ठरेल.
कोणाला जुनं औषध, कोणाला नवं,
बाटल्या सारख्याच.
मला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही.
"मंग ठाव कोनले शे?"
संगणकाला, म्हटलं.
ते बायकोकडे बघून हसले. सुपडाबाई हसल्या नाहीत.

औषध करतं काय, तेही सांगावं लागतं.
एका पेशीच्या दोन होताना
दोन्ही टोकांकडून दोरे सुटतात,
मधली गुणसूत्रं ओढून वाटून घेतात.
औषध त्या दोऱ्यांना जाऊन चिकटतं,
जुनं काय, नवं काय, वार एकाच जागी.
दोरा आखडत नाही, सुटत नाही.
पेशी अर्ध्यात अडकून उभी राहते,
वाट बघते,
आणि मग आपली आपण मरते.

अठ्ठावीस वर्षं सूतगिरणीच्या रिंग खात्यात काढलेला माणूस
खुर्चीत पुढे सरकला.
"म्हंजे चाती थांबाडस."
मग थोड्या वेळाने,
"पन साचा बंद पडना ते
चांगलं सूत बी तठेच थांबस ना?"
हो. केस. तोंडाच्या आतली कातडी. आतडं. हाडातला मगज.
पान नऊ ते बारा.

मे महिन्यात जळगाव शेहेचाळीस,
फ्रिज चार.
दोन ते आठच्या बाहेर गेलं की औषध बाद.
वीज गेली त्या रात्री मी जनरेटरशेजारी बसून
दर अर्ध्या तासाला आकडा लिहिला.
पुण्याच्या तपासनिसाने ते सगळे बोट ठेवून वाचले,
एक खाडाखोड सापडली,
तिथे तारीख घालून सही केली.

पाचव्या फेरीला
शर्टाची गुंडी त्यांनी माझ्याकडून लावून घेतली.
"बोटं परकी व्हई ग्यात."
चालत्या साच्यावर, न बघता,
तुटलेला धागा जोडायची ती बोटं.
मी लिहिलं : बधिरता, श्रेणी दोन.
नसांच्या आतही तसेच दोरे असतात,
त्यांच्यावरून शिधा जातो टोकापर्यंत,
आणि बोटं सगळ्यात लांबच्या गावी.
हे नंतर वाचलं. फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

चौदाव्या महिन्यात शून्य-एक-सातपुढे तारीख भरली.
प्रवासभत्त्याचे दोनशे ऐंशी रुपये द्यायचे राहिलेले,
सही लागते, म्हणून सुपडाबाई आल्या.
जाताना टेबलावर दादरचं पीठ ठेवून गेल्या.
त्याची पावती केली नाही.

मग माहितीला कुलूप लागलं, चिठ्ठ्या उघडल्या.
अकरा देश, सहाशे बारा माणसं.
फाइल दिल्लीच्या समितीपुढे गेली, परत आली,
आणखी आकडे घेऊन पुन्हा गेली.
फरक अडीच महिन्यांचा.
केळीचा घड निसवल्यापासून कापायला येतो,
त्याहूनही थोडा कमी.
एवढंच? मी कोल्हेबाईंना म्हटलं.
ज्याला मिळाले त्याला विचार, त्या म्हणाल्या.

परवा औषधाचं पहिलं खोकं आलं, मंजूर, शिक्क्यासह.
आत घडीचं पत्रक, मुंगीएवढी अक्षरं :
बोटांची बधिरता जुन्या औषधापेक्षा कमी,
शंभरात एकोणीस,
जुन्याने चव्वेचाळीस.

आधारभाऊंना जुनंच होतं.
त्या चव्वेचाळिसात माझ्या ओळखीची एक गुंडी आहे,
तिच्यामुळे हे एकोणीस मऊ दिसतात.

पत्रकाची घडी मला पुन्हा जमेना.
तसंच खोक्यात कोंबलं,
आणि फ्रिजचा आकडा लिहिला :
चार.