रकाना

येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या मागच्या खोलीत
मी खापरांची चित्रं काढतो.
आज ग्रीसमधल्या कुठल्याशा टेकडीवरचा पेला,
फोटोवरून, मापं टाकून.
अर्धाच. कानावर कुंभाराचा अंगठा उमटलेला.

वीराच्या थडग्यापाशी ओतलेली दारू
मातीनं केव्हाच पिऊन टाकली.
गाव उठलं. तटाचे दगड मेंढवाड्यांना लागले.
वीराचं नाव? बिडकर मॅडम म्हणाल्या,
"रकाना कोरा सोड."
मी पेन्सिलीला टोक केलं.

संध्याकाळी पाषाणची टेकडी चढलो.
वळणावर एक वीरगळ, शेंदराखाली बुजलेला,
घोड्याचे नुसते पाय दिसतात.
पुढ्यात करवंटी, तीत काहीतरी ओतलेलं,
मुंग्या लागलेल्या.
फिरायला आलेल्या एका गृहस्थांना विचारलं,
हा कोण?

"काय माहीत," म्हणाले,
बुटाची नाडी सोडत.