नेढ्याकडून

तिसऱ्या मजल्यावरच्या नेक्तार
तपकिरी बूट काउंटरवर ठेवून म्हणाल्या,
गारबिस, दोन्हींना नवे तळ बसव.
पैसे नाहीत.
म्हणजे आहेत, पण त्यांचं आता काही येत नाही.
त्याऐवजी टाका शिकवते. मराशचा.
एका तळाचे चार धडे.

मी हसलो.
बुर्ज हम्मूदच्या या गल्लीत
चाळीस वर्षं मी दुसरं काय करतोय?
चामड्याला आरीनं भोक, भोकातून मेणाचा दोरा,
मग दोन्ही हातांनी आवळायचा, करकचून.
माझे टाके पाण्याला आत येऊ देत नाहीत.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

पहिला दिवस सोपा गेला.
जाड कापडावर मासळीच्या काट्यासारखे
तिरपे टाके, एकमेकांना ओलांडत जाणारे.
हा नुसता सांगाडा आहे,
याच्यावर एवढा जीव टाकू नकोस.

दुसऱ्या दिवशी सुई त्यांनी
उलटी दिली माझ्या हातात.
टोक चिमटीत, नेढं पुढे.
आता कापड शिवायचं नाही,
कापडाला शिवायचंही नाही.
दोरा नुसता दोऱ्यांमधून न्यायचा,
वरून, खालून, वरून,
आणि वळणावर स्वतःच्याच खालून.
टोक अंगठ्यात रुतत होतं,
पण तिथला घट्टा माझ्या दुकानाइतका जुना,
मला रक्त बघूनच कळलं.

कापडात न शिरता हे सगळं टिकणार कशावर?
मी विचारलं.
तेवढ्यात वीज गेली,
खाली कुणाचा तरी जनरेटर धडधडायला लागला,
आणि नेक्तारांनी ऐकलंच नाही,
किंवा ऐकलं.

चौथ्या चौकोनाशी गणित चुकलं.
वरून जायचं तिथं मी खालून गेलो होतो,
तेही इथे नाही,
पार सुरुवातीला, मंगळवारी.
त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांनी तर्जनी नक्षीवरून फिरवली,
दुधावरची साय बाजूला सारावी तशी हलकी,
आणि ती मंगळवारावर येऊन थांबली.
उसव.

आवळायचोही मी.
दर वळणाला हात आपोआप खेचायचा,
फूल गोळा व्हायचं, कापडाला चुण्या पडायच्या.
"अरे, बूट नाहीये तो," त्या ओरडायच्या,
"त्याला कुठे चालायचंय?"

मराश त्यांनी पाहिलेलं नाही.
आईनं ते सोडलं तेव्हा ती आठ वर्षांची होती.
तिथल्या घराला खोल्या किती
हे ती दर वेळी वेगळं सांगायची,
एकदा चार, एकदा अकरा.
टाका मात्र दर वेळी तोच.
"म्हणून मी खोल्या मोजणं सोडलं."

सातव्या दिवशी दोरा फिरत फिरत
जिथून निघाला होता तिथेच आला,
स्वतःच्या पहिल्या पावलाखाली शिरला
आणि कुठून सुरू झाला होता
ते मलाच दिसेना.
टाचेएवढं लाल फूल, चार पाकळ्यांचं.
एक पाकळी जराशी फुगलेली.
मी कापड उलटं केलं.
मागे फक्त सांगाड्याच्या बारीक रेघा.
एवढी सगळी ये-जा झाली
आणि मागच्या बाजूला पत्ता नाही.

आठव्या दिवशी त्यांनी मला
दोरा कसा तोडायचा ते शिकवलं.
दातांनी नाही.
मग उठून तपकिरी बूट घातले.
"हिशेब चुकता," म्हणाल्या.
जिन्यावर माझे तळ वाजत गेले,
एक मजला, दोन मजले,
तिसऱ्यावर जरा थांबून दार.

गुरुवारी परत आल्या.
हातात काळे सँडल.
"यांचेही तळ गेलेत बघ."
मी ते उलटे करून दिव्याखाली धरले.
धड होते. मीच बसवलेले,
गेल्या ईस्टरला.

"फारच गेलेत," मी म्हणालो,
"दोन्ही."