अर्धा पत्ता

खारघरच्या टेकडीखाली, जिथे डांबर संपतं
आणि सेक्टरचे आकडेही संपतात,
तिथे मला पाटी रंगवायचं काम मिळालं.
पिवळ्यावर काळं. अक्षराला साडेचार रुपये.
काना-मात्रा धरायच्या की नाही
यावर साहेबाशी अर्धा तास वाद.

एप्रिल. गवत जळून गेलेलं,
ओढ्यात नुसते गोटे.
मी लिहीत बसलो :
वाहने फक्कीच्या रेषेतच लावावीत.
तंबू ठोकू नये. चूल पेटवू नये.
सूर्यास्तानंतर टेकडीवर थांबण्यास सक्त मनाई.

फक्की चांगुणा निरगुडेने मारलेली,
वाकडी, पण गाड्या सरळ लागतात.
बाईकचे वीस, चारचाकीचे पन्नास.
लिहिता येत नाही, म्हणून पावती नाही.
तिच्याकडे पत्त्यांचा जुना कॅट.
गाडी आली की एक पान मधोमध फाडते,
अर्धं तुम्हाला, अर्धं तिच्या कनवटीला.
परतताना दोन्ही जुळली
की माणूस घरी गेला.

"आणि वर कुणी राहिलं तर?"
"मागल्या साली इस्पिकची दुर्री राहिली.
नेरुळचं पोरगं. तंबू कोरा, पाणी एक बाटली.
ऊन लागलेलं त्याला.
बॅटरी घेऊन गेले तर करवंदीच्या जाळीशी बसलेलं,
मला इचारतं, मावशी,
पार्किंगचे जास्तीचे किती झाले?"

हसली. मग पाटीकडे बोट :
"हे काय लिवलंस?"
वाचून दाखवलं.
"थांबायला मनाई," ती हळू म्हणाली,
कडू गोळी जिभेवर फिरवावी तशी.
"आन् आमचा पाडा वर हाय, त्याचं?"

साहेबाच्या कागदावर ते नव्हतं.
पाटीवर जागाही नव्हती,
नववा नियम आधीच कडेला चेंगरलेला.
मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला
आणि गरजेपेक्षा जास्त वेळ
ढवळत राहिलो.

तेवढ्यात अंधार पडला.
खाली इमारतींचे दिवे मजल्यामजल्याने लागत गेले,
तळोज्याकडे चिमणीचा लाल ठिपका.
गाड्या कधीच गेल्या होत्या.
फक्कीच्या रेषांत एकटी माझी स्कूटर,
आणि चांगुणा दगडावर, चपला बाजूला काढून.

"तुला जायचं नाही का वर?"
"एक पान ऱ्हायलंय."

कोण राहिलं, म्हणून मी टेकडीकडे बघितलं.
मग खिसे चाचपले.
चौकटची राणी, अर्धी,
बोटांच्या रंगाने गालावर डाग पडलेली.
तिने कनवटीची अर्धी काढून लावली,
बॅटरी मारून बघितली.
"हिला पायच नाहीत बघ. खाली पण डोकंच."

चपला पायात सरकवल्या.
पाटी ओली होती; पदर सावरून
ती तिच्या बाजूने वर निघाली.
वळणावर थांबून म्हणाली,
रिकामा झाला असला तर
तो डबा ठेवून जा.