घसारा

रबराला पन्नास टक्के.
प्लास्टिकलाही तेवढेच.
काचेला निरंक.
काच म्हातारी होत नाही, आमचं नियमांचं पुस्तक म्हणायचं,
ती असते, नाही तर नसते.

एकवीस वर्षं हेच लिहिलं मी
वाडीच्या, हिंगण्याच्या, कळमन्याच्या गॅरेजांत
ऑइल सांडलेल्या फरशीवर उकिडवी बसून.
चेमटलेल्या दारांच्या किमती लावल्या.
सीटवर कुणाचं रक्त वाळलेलं असलं
तर सीट कव्हर: वेगळी ओळ, वेगळी रक्कम.

राजीनामा दिला तेव्हा मे होता.
वासेकर साहेब म्हणाले,
“काहून डेकाटे मॅडम, रिटायरमेंटले नऊच वर्षं राह्यले न?
सायकल तं रविवारीबी चालवता येते.”
मी बोलणार होते काही,
तेवढ्यात कूलरचा पंप चालू झाला
आणि ओल्या ताटीच्या वासात
सगळं ऑफिस डोळे मिटून गप्प बसलं.

नोटिशीचे महिने सरले. पोळा झाला.
दुसऱ्या दिवशी गर्दीत उभी राहून मीही ओरडले,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
आणि हळूच पुढे जोडलं,
माझे अहवाल पण ने, तीन प्रतींत आहेत.

सायकल गांधीबागेत घेतली, जुनी.
हबीबुल्लाभाईंनी चाक फिरवून एकेक तार छेडली,
कान लावून ऐकली, आवळली, पुन्हा छेडली.
मग म्हणाले, “मॅडम, आप ही लगाओ दाम.”
मी फ्रेमवरचा गंज पाहिला, चेनचे दात पाहिले,
सीटच्या फाटक्या कोपऱ्यातून डोकावणारा काथ्या पाहिला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
मला आकडा सुचला नाही.

आई एवढंच म्हणाली,
“जाशीन तं जाय. पण नळ सहाले जाते,
आधी पाणी भरून ठेव.”
भरलं. गुंड, बादल्या, कूलरची रिकामी टाकीसुद्धा.
मग पाचपावलीतून निघाले, ते रवीनगर चौकात आठवलं,
पंप राहिला.
परत आले. दार वाजवायच्या आत उघडलं.
आई पंप हातात घेऊन
तिथंच, दारामागे उभी होती,
कोण जाणे केव्हापासून.

वाडीत शटर अजून बंद होते.
हेल्मेटमधल्या मला कुणी ओळखलं नाही,
एका कुत्र्याशिवाय.

बाजारगावच्या अलीकडे
एक पांढरी गाडी नालीत कललेली.
माझी बोटं खिशात पेन शोधू लागली:
बोनेट. डावा दिवा. रेडिएटर.
रबर पन्नास, काच निरंक.
बाजूला एक पोट्टा, पंचविशीचा, एका पायात चप्पल.
“ताई, किती लागन हो याले?”
आकडा तयार होता, जिभेच्या टोकावर, पैशांपर्यंत.
मी तो गिळला.
बाटली दिली. त्याचे हात थांबेपर्यंत
मैलाच्या दगडावर बसून राहिले.
पाणी पिऊन तो म्हणाला,
“गाडी सासऱ्याची हाये.”
मग आम्ही दोघंही हसलो, तो जरा जास्तच,
आणि हसता हसता रडायला लागला.
तेही बसून पाहिलं.
एवढा वेळ मी कुठल्याच गाडीजवळ
कधी थांबले नव्हते.

कोंढाळीला पोचायला ऊन कलतं झालं.
संत्र्याच्या एका बागेत राखणदारानं
टिनाखाली जागा दिली, वर दोन संत्री दिली, आंबट.
आईचा फोन. “कुठवर गेली?”
“कोंढाळी.”
“बाप्पा! दिवसभरात? कोंढाळीले तं बस तासाभरात जाते.”

गुडघ्यांना किती टक्के लावायचे
ते पुस्तकात नव्हतं.
अंधारात टायर अंगठ्यानं दाबून पाहिले.
हवा होती, भरपूर.
तरी पंप काढला,
आणि उगीचच
चार हात मारले.